‘टारपेपर’ची पहिली बारा सेकंदं

काडी अजून घट्ट बसलेली होती. गिटारच्या खालच्या शिंगासारख्या टोकाशी, जिथे उजव्या हाताने वाजवणाऱ्याला पट्ट्याची खुंटी लागतच नाही अशा जागी, एक बारीक भोक होतं, त्यात आगकाडी गोंद लावून ठोकलेली, वरून काळा रंग – आणि रस हॅल्व्हरसनचा अंगठा सकाळपासून तिथेच फिरत होता. खुंटी त्याच्या बायकोची, डेनिसची. ती डावखुरी. त्याची गिटार ती सरळ उलटी करून गळ्यात घ्यायची, आणि पट्टा घसरतो म्हणून तिने स्वतःच स्क्रू पिळून तिथे खुंटी बसवली होती. मग एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात मासिकाचा फोटोवाला येणार म्हणून ती त्याने काढली, भोक बुजवलं... डेनिस चुलीपाशी उभी राहून बघत होती. कॉफी ओतली.

डेनिस जाऊन आठ महिने झाले होते.

एक वाक्य त्याने आठ महिने घोकलं होतं. ‘टारपेपर’ डेनिसचं आहे. एवढंच. ते गाणं असलेली रेकॉर्ड पुन्हा निघत होती, आज संध्याकाळी वेष्टनावरचा मजकूर छापायला जायचा होता, आणि तिथे तीस वर्षांपूर्वीसारखंच लिहिलेलं होतं – शब्द आणि संगीत, रस हॅल्व्हरसन. आज बोललो नाही तर पुन्हा कधी बोलणार? दाढी करताना त्याने ते वाक्य आरशाला सांगून पाहिलं. आरशात ते बरं वाटलं.

गॉर्डी ट्रक घेऊन अकराला आला. गॉर्डी त्यांच्या जुन्या बँडचा ड्रमर. आता फेरीबोटीवर दोरखंड बांधायचं काम करतो आणि गुडघ्यांबद्दल बोलतो. गिटार कशाला घेतलीस, असं त्याने विचारलं, आज तर फक्त ऐकायचं आहे. रसने ती गुडघ्यांमध्ये धरून दार लावलं. बॅलार्डचा उचलता पूल नेमका वर गेलेला होता आणि एक मासेमारीची बोट खालून इतकी सावकाश सरकत होती की रसला वाटलं, इथेच सांगावं, पूल खाली यायच्या आत...

“तोंड कशाला पाडलंस, म्हाताऱ्या?” गॉर्डी म्हणाला. “मेलो नाही म्हणून सत्कार आहे आपला. हसत जाऊ.”

सांगणं सोपं नव्हतं, कारण गॉर्डीलाच पहिलं खोटं सांगितलेलं होतं. त्या दिवसांत या शहरात प्रत्येक तळघरात एक बँड होता आणि सगळ्यांचा नियम एकच – तालमीत जो सुरांचा तुकडा घेऊन येईल, गाणं त्याचं. तालमीत फक्त पोरगे असायचे. डेनिस बेकरीत पहाटेच्या पाळीला जायची, दुपारी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाजवायची, आणि उलट्या गिटारवर तिचा हात खाली आला की बारीक तारा आधी बोलायच्या आणि जाड तारा मागून, जशी पत्र्यावरून आधी खडी घरंगळावी आणि मग अख्खी शिडीच. तो छपरांवर डांबरी कागद – टारपेपर – ठोकायच्या कामावरून डांबराने माखून घरी आला आणि दारातच थांबला. पुन्हा वाजव म्हणाला. मग चार दिवस तो तेच खालून वर हात मारून बसवत राहिला, मंगळवारी तालमीत घेऊन गेला, गॉर्डीने काठ्या खाली ठेवल्या आणि विचारलं, हे कुठून आणलंस?

ते आपोआप आलं.

तीन शब्द. ते मासिकांत छापून आले. त्या तीन शब्दांवर दोन वर्षं व्हॅन फिरली, मग बस, मग विमानं. गिटार शिकणाऱ्या पोरांनी त्या खालून वर मारलेल्या हाताला त्याचंच नाव दिलं. दुसऱ्या रेकॉर्डच्या वेळी कंपनीवाले म्हणाले, तसलं आणखी एक आण – आणि त्याने आणलेली चौदा गाणी चौदाही बरी होती, फक्त तसली नव्हती. मग पुन्हा छपरं. डेनिस एकदाच बोलली होती, कुठल्याशा शहरात, रंगमंचाच्या कडेला. म्हणाली, तुझा हात आता माझ्यापेक्षा बरा उलटा चालतो. तेव्हा तो हसला होता. का हसला?

पूल खाली आला.

स्टुडिओत जोलीन नावाची मुलगी होती, तिशीतली, जुन्या ध्वनिफिती सुधारणारी. ती अदबीने बोलत होती. जुनी फीत चिकट होते, तशीच लावली तर तिच्यावरचा आवाज धरणारा मसाला खरवडून निघतो, म्हणून तिने ती आठ तास मंद आचेवर भाजली होती. गॉर्डीने विचारलं, सोबत बटाटे टाकलेस का. ती हसली, पण लगेच गंभीर झाली. भाजताना एक जोड सुटला होता, ‘टारपेपर’च्या अगदी सुरुवातीला. फितीची दोन टोकं तिने टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवली होती. पहिला तुकडा बारा सेकंदांचा.

“रेकॉर्डवर सुरुवात या तुकड्याने होते,” जोलीन म्हणाली. “पुढचं सगळं तुमचं वाजवणं आहे, मिस्टर हॅल्व्हरसन, ते मी ओळखते. पण या तुकड्यातला हात वेगळा आहे. हा वरून खाली येतो.”

रसला आधी ती काय म्हणते ते कळलंच नाही. मग कळलं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला सुरुवात जमत नव्हती, अकरा वेळा चुकली होती. गॉर्डी सिगारेट आणायला गेला होता, डेनिस सँडविच घेऊन आली होती, तिने गिटार घेतली, उलटी केली, एकदा वाजवून दाखवलं आणि बसला उशीर होतो म्हणून निघून गेली. फीत चालू होती हे त्याला माहीत नव्हतं. तेव्हाचा तंत्रज्ञ लाइल मितभाषी माणूस. त्याला जे चांगलं वाटलं ते त्याने कापून जोडलं, आणि तो मरूनही आता वीस वर्षं झाली.

“रसच असणार,” गॉर्डी म्हणाला. “दुसरं कोण? या माणसाच्या गिटारला कुणी हात लावला तर चावायचा तो.”

जोलीनने सांगितलं की तुकड्याच्या आधीचा, न वापरलेला भागही डब्यात सापडला आहे. आणि तिने बटण दाबलं.

फितीची सरसर. खुर्ची सरकल्याचा आवाज. मग डेनिस, चोवीस वर्षांची, तोंडात घास असताना –

“मनगट सैल सोड रे. झाडू मारतोयस का?”

आणि ती बारा सेकंदं.

गॉर्डी रसकडे बघत होता. जोलीनने हळूच विचारलं की वेष्टनावर काय लिहायचं, पाचपर्यंत मजकूर पाठवायचा आहे. वाक्य तयार होतं, आठ महिने तयार होतं, पण ते फार लहान होतं. ते फक्त गाणं तिचं म्हणत होतं आणि इथे तर हातसुद्धा तिचाच... रेडिओवर, दुकानांत, लोकांच्या गाड्यांत, तीस वर्षं ज्या पहिल्या बारा सेकंदांना लोक दाद देत होते – त्यांत ती होती. आणि मग त्याला किराणा दुकान आठवलं. वर छतातल्या स्पीकरवर ते गाणं सुरू झालं की तो लाजून दुधाकडे सटकायचा, आणि ती सफरचंदांपाशी थांबायची, मान तिरकी, डावा हात कोटावर हलके आपटत, थोडाच वेळ. मग पिशवीत सफरचंदं भरू लागायची. आपलं गाणं म्हणून ऐकते, असं त्याला वाटायचं. पण ती बाकीचं ऐकतच नव्हती. त्याचा हात सुरू झाला की ती सफरचंदांकडे वळायची.

तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. स्वतःचा हात कोण ओळखणार नाही?

म्हणजे गुपित मी ठेवलं नव्हतंच. मी एक लहानसं खोटं उराशी धरून बसलो होतो आणि ती त्याहून मोठं खरं घेऊन माझ्या शेजारी जेवत होती, झोपत होती, दवाखान्यात शेवटचे अकरा दिवस माझा हात धरून... तेव्हाही सांगितलं नाही?

“पुन्हा लावा,” तो म्हणाला.

“तोच भाग?”

“तोच. आणि जोडू नका अजून.”

फीत मागे फिरू लागली. गॉर्डीने काहीतरी विचारलं, ‘रस’ एवढंच ऐकू आलं. रडू यायला हवं होतं, आठ महिने ते तसंच येत होतं. पण आज छातीत काहीतरी टणक आणि गरम चढत होतं आणि ते काय आहे हे कळायला त्याला वेळ लागला. तो चिडला होता. डेनिसवर. ती गेल्यापासून पहिल्यांदाच, घरात समोर असलेल्या माणसावर चिडावं तसा, आणि तिच्याशी भांडायला शब्द इतके भराभर येत होते की कुणाला काय सांगायचं होतं ते घोकलेलं वाक्य त्याला त्या गर्दीत सापडेना.