दुखत न्हाई

"सोनम धुळा कोळेकर."

सिस्टरने तिसऱ्यांदा नाव पुकारलं आणि यादीवरची नजर उचलून बाकांकडे पाहिलं. कोणी उठलं नाही. तिने नावापुढे पेनाने रेघ मारली आणि पुढचं नाव घेतलं.

"शालूबाई लालासाहेब यादव."

शालूबाई उजवा हात अंगापासून जरा लांब धरूनच उठल्या. मंगळवारपासून सोनमच्या नावापुढे अशीच रेघ पडत होती आणि आज शुक्रवार होता.

आतल्या खोलीत गार होतं. मशीनवरच्या बाईंनी त्यांना अरुंद फळीवर निजवलं आणि हात डोक्यामागच्या खोबणीत ठेवायला सांगितलं. हात वर जाताना काखेतली कातडी ताणली गेली आणि शालूबाईंच्या डोळ्यांपुढे पांढरं पांढरं झालं. उजव्या छातीची जागा आता सपाट होती. तिच्यावर टाक्यांची आडवी रेघ, शाईच्या खुणा आणि भोवती काळीठिक्कर पडलेली कातडी. काख तर सोलवटून ओली झाली होती.

"मलम लावता ना, मावशी? गोळी घेता?"

"घेते."

"आग जास्त होते?"

"लय हुती, बाई. रातचं कूस बदलता येत न्हाई."

त्या जाड दाराच्या आत शालूबाई खरं बोलत. डॉक्टरांनाही त्यांनी सांगितलं होतं. डॉक्टरांनी मलम दिलं, गोळ्या दिल्या आणि समजावलं होतं की हे रेडिएशनच्या शेकाने होतंच, शेक संपले की दोन-चार आठवड्यांत कातडी भरून येईल.

"ती माणची सोनम का येत न्हाई?" त्यांनी विचारलं.

"फोन केले, उचलत नाही. हे मधेच सोडायचं नसतं हो. खंड पडला की..." बाईंनी वाक्य तिथेच सोडलं. "हलू नका आता," म्हणून त्या बाहेर गेल्या आणि दार बंद झालं. मशीन घरघरत अंगावरून फिरू लागलं. त्याचा स्पर्शसुद्धा होत नव्हता.

शालूबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांचे यजमान लालासाहेब शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, "आमच्या मंडळींचा आज चोविसावा. पण एक डाव कण्हली असंल तर इचारा! लष्करात बावीस वर्सं काढली मी, असा गडी बघितला न्हाई." गृहस्थांनी कौतुकाने वर पाहिलं. शालूबाईंनी पदर सारखा केला आणि हसल्या.

लालासाहेब फौजेत ड्रायव्हर होते, हवालदार होऊन सुटले. गाठीचा रिपोर्ट आला त्या दिवशी ते धार काढायला म्हणून गोठ्यात गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. शालूबाई बघायला गेल्या तर ते म्हशीच्या पाठीवर कपाळ टेकून उभे होते आणि त्यांचे खांदे गदागदा हलत होते. शालूबाई पाय न वाजवता मागे फिरल्या. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी हा माणूस रडताना पाहिला नव्हता. त्यानंतर ऑपरेशन झालं, केस गेले, शेक सुरू झाले, पण शालूबाईंनी हूं की चूं केलं नाही. मलम लावायचं ते न्हाणीचं दार लावून. गावात जो भेटायला येई त्याच्यापुढे लालासाहेब त्यांच्या धीराचं वर्णन करत, आणि त्या वर्णनावरच ते उभे होते हे शालूबाईंना दिसत होतं.

सोनम पहिल्यांदा आली तो शालूबाईंचा सहावा दिवस होता. चौतिशीची, अंगाने सडपातळ, डोक्याला घट्ट रुमाल बांधलेली. नवरा मुंबईला माथाडी, दोन मुली माण तालुक्यात गावाकडे सासूजवळ. उपचारापुरती ती विट्याला थोरल्या बहिणीकडे राहत होती. बाकावर शालूबाईंशेजारी बसून तिने हळूच विचारलं होतं, "मावशी, लय दुखतं का वो?"

"काय न्हाई गं. आत जायाचं, निजायचं, उठून यायाचं. मुंगी सुदीक चावत न्हाई."

त्या दिवशी ते खोटंही नव्हतं.

सांगलीहून शालूबाईंच्या कडेगावला जाणारी बस विट्यावरून जायची, त्यामुळे जाता-येता दोघी शेजारी बसू लागल्या. तेराव्या शेकानंतर शालूबाईंची काख चुरचुरू लागली आणि मग पेटलीच. बसचा धक्का बसला की कळ डोक्यात जायची. त्याच सुमाराला सोनमच्या मानेखाली लाल चट्टे उठू लागले.

"मावशी, तुमास्नी आग न्हाई हुत?"

पुढच्या सीटवर लालासाहेब बसलेले होते. त्यांचे कान मागेच होते.

"न्हाई बाई. दुखत न्हाई मला काय."

"मग मलाच कसं हुतंय?" सोनम स्वतःशीच म्हणाली होती. त्यानंतर रोज ती शालूबाईंच्या चेहऱ्याकडे निरखून बघायची. शालूबाई खिडकीबाहेर बघायच्या.

शुक्रवारी सांगलीच्या स्टँडवर बसची वाट बघता बघता शालूबाईंनी सोनमच्या बहिणीला फोन लावला.

"गेली ती गावाला, मावशी. म्हणती, त्या मावशीला काय झालं न्हाई आन् माजं अंग जळालं, म्हंजी मला ते मानवत न्हाई. रोग उलटला म्हणती. लय समजावलं, ऐकंना."

शालूबाईंनी फोन ठेवला. बस लागली, लालासाहेबांनी जागा धरली, तरी त्या खालीच उभ्या होत्या.

"आगं, चल की."

"रविवारी शंभूराजची गाडी मागून घ्या," त्या म्हणाल्या. शंभूराज म्हणजे लालासाहेबांचा भाचा. "माणला जायाचं हाय. सोनमकडं."

"तिच्या घरची मानसं हायती न्हवं? आपला काय संबंध?"

"संबंध हाय," शालूबाई म्हणाल्या आणि बसमध्ये चढल्या.

रविवारी सकाळी ते दोघंच निघाले. मायणी मागे पडली तसा ऊस संपला, हिरवं संपलं. उघडे डोंगर, बाजरीची धाटं, लांबवर मेंढरांचा कळप. सोनमचं घर दहिवडीच्या अलीकडे माळावर होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे काट्यांचा वाडगा, त्यात आठ-दहा शेरडं. सोनमचे सासरे बिराप्पा पटक्याचं टोक झटकत पुढे आले. त्यांनी लालासाहेबांना बाजेवर बसवलं.

"बरं झालं आलासा," ते म्हणाले. "पोरगी बोलतच न्हाई. धुळा मुंबईसनं फोनवर वरडला, तरी बोलली न्हाई."

सोनम आत जमिनीवर भिंतीला टेकून बसली होती. अंगात नवऱ्याचा ढगळ शर्ट, त्याची वरची बटणं मोकळी. गळ्याखालची कातडी भाजल्यासारखी लालभडक होऊन कडेला फोड धरले होते. शालूबाईंना बघून ती उठली नाही.

"कशाला आलासा, मावशी?"

"तुला न्यायला."

"मी न्हाई येनार. डॉक्टर म्हणत्यात सगळ्यांस्नीच हुतं. मग तुमाला का झालं न्हाई? तुमी माज्या फुडं पाच दिस. माज्या डोळ्यांनी मी तुमाला बघत हुते की." तिचा आवाज कोरडा होता. "माजं अंगच वंगाळ निगालं. मरायचंच हाय तर जळून कशाला मरू? पोरींच्यापाशी बसून मरते."

शालूबाई म्हणाल्या, "दार लाव."

सोनमने त्यांच्याकडे पाहिलं.

"लाव म्हणते न्हवं."

दार लागल्यावर शालूबाईंनी पदर खाली सोडला. डाव्या हाताने झंपराची बटणं काढली. डावी बाजू सुटली. उजवी बाजू सुटेना. दोन तासांच्या प्रवासात कापड काखेला चिकटून वाळलं होतं.

"पानी आन," त्या म्हणाल्या. "चिकाटलंय. माज्याच्यानं निगायचं न्हाई."

सोनम तांब्या घेऊन आली. तिने ओंजळीने पाणी सोडलं, थोडं थांबली, पुन्हा सोडलं. मग दोन बोटांत कापडाची कड धरून हळूहळू ओढू लागली. शेवटची चार बोटं जागा राहिली आणि कापड एकदम सुटलं.

शालूबाईंच्या तोंडून जे बाहेर पडलं तो आवाज त्यांनाही ओळखीचा वाटला नाही. गोठ्यातून यावा तसा, लांब, खोलातून. बाहेर चाललेलं बोलणं थांबलं. एक शेरडू ओरडलं, तेवढंच.

सोनम बघत राहिली. तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी काळी कातडी आणि काखेतला उघडा, ओला, लाल तुकडा.

"कवापास्नं?"

"तेराव्यापास्नं."

"म्हंजी बसमदी मी इचारलं..."

"तवा बी हुतं."

सोनमने तांब्या खाली ठेवला. "खोटं का बोललासा?"

"भाईर बसल्यात न्हवं, त्यांच्यापायी. ते मोडतील म्हून. रोज म्हनून म्हनून तेच तोंडात बसलं. तुला काय वाटत आसंल ते माज्या ध्यानातच आलं न्हाई. न्हाई, आलं हुतं. आलं हुतं, तरी बोलले न्हाई."

"पाच दिस मी हितं बसून मरनाची वाट बघतीय," सोनम म्हणाली. ओरडली नाही. "धाकलीची येनी घालता घालता थोरलीला शिकीवली, म्हनलं फुडं तिलाच घालाय लागनार. तुमच्या एका शब्दापायी."

शालूबाई डाव्या हाताने झंपराची बटणं चाचपू लागल्या.

"जावा तुमी."

"जाते. उद्या माजा शेवटचा हाय. धा वाजता मी तितं आसंन."

सोनमने फळीवरून जुनं मऊ लुगडं काढलं, त्याचा पट्टा टरकन फाडला, त्याची घडी करून शालूबाईंच्या काखेत ठेवली आणि झंपराची बटणं लावून दिली. हे सगळं करताना तिने एकदाही त्यांच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

लालासाहेब गाडीजवळ उभे होते. चहाची कपबशी बाजेवर तशीच होती. त्यांनी दार उघडून धरलं आणि मान खाली घातली. शालूबाई बसल्या. बिराप्पांनी हात जोडले तेही लालासाहेबांनी पाहिलं नसावं.

मायणीच्या पुढे रस्ता उखडलेला होता. पहिल्या खड्ड्याला शालूबाईंनी सवयीने खालचा ओठ दातात धरला.

"कन्ह," लालासाहेब म्हणाले.

त्यांची नजर रस्त्यावरच होती.

"कन्ह आता. मी ऐकलंय."

शालूबाईंना ते लगेच जमलं नाही. दुसऱ्या खड्ड्याला मात्र तोंडून बारीक आवाज गेला. लालासाहेबांनी गिअर खाली आणला. तिसऱ्या खड्ड्याला शालूबाई मोकळ्या कण्हल्या, आणि मग विट्यापर्यंत कण्हत राहिल्या. दोन तासांच्या रस्त्याला त्या दिवशी तीन तास लागले. मधे एकदा लालासाहेबांनी गाडी कडेला घेतली, खाली उतरून पलीकडे तोंड करून उभे राहिले आणि परत येऊन बसले. शालूबाईंनी त्यांना हाक मारली नाही.

सोमवारी दहाच्या आधीच ते हॉस्पिटलात पोचले. बाकं भरलेली होती. कुणीतरी लालासाहेबांना विचारलं, "मग, आज शेवटचा का?" त्यांनी फक्त मान हलवली.

सव्वादहाला सोनम आली. एकटीच होती. दहिवडीहून पहाटेची गाडी धरली असावी, पायांवर धूळ होती. ती सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. दार अर्धवट उघडं होतं, डॉक्टरांचं बोलणं बाहेर ऐकू येत होतं. चार शेक बुडाले होते. ते भरून काढायचे, वर एक-दोन वाढवावे लागतील. या खंडाने काही बिघडलंय का, असं सोनमने विचारलं असावं. डॉक्टर म्हणाले, "ते मला आज नाही सांगता येणार. पुढच्या तपासण्यांत बघू."

शालूबाईंनी मांडीवरच्या पिशवीचे बंद घट्ट धरले.

सोनम बाहेर आली. शालूबाईंशेजारी जागा मोकळी होती, पण ती समोरच्या बाकावर जाऊन बसली. तोंड भिंतीकडे. अर्धा तास तशीच बसली. तिला आत बोलावलं तशी ती उठली आणि दारापर्यंत गेली. तिथे सिस्टरने गळ्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. सोनमने मानेमागे हात घालून काळ्या मण्यांचं डोरलं काढलं; एरवी ते ती विट्याला बहिणीकडे ठेवून यायची. ते कुठे ठेवावं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं. सिस्टरने टेबलाचा खण उघडला.

सोनम वळली, परत बाकापर्यंत चालत आली आणि डोरलं शालूबाईंच्या हातात ठेवून आत निघून गेली.