जित्यांसाठी टोला

मी रुळाचा एक जुना तुकडा आहे, मित्रांनो. अंगावर गंज, एका टोकाला भोक, आणि डोक्यावर एका माणसाला खाल्ल्याचा आळ. आळ खोटा आहे. पण खोट्या आळाला गंज चढत नाही. तो चढतो माझ्यासारख्याला.

माझा जन्म विलायतेतल्या भट्टीत झाला. जहाजातून येताना वादळात मी समुद्रात पडलो आणि एका माशानं मला गिळलं. त्याच्या पोटात मी लोणच्यासारखा मुरलो. पण लोखंड काही त्याला पचेना, तेव्हा त्यानं मला मुंबईच्या धक्क्यावर ओकून टाकलं. हसू नका. पुढे रविवारच्या प्रार्थनेत मी माशाच्या पोटात राहिलेल्या एका माणसाची गोष्ट ऐकली आणि सगळे ती मान खाली घालून ऐकत होते. माणसानं सांगितलं तर खरं आणि लोखंडानं सांगितलं तर थाप, हा कुठला न्याय?

तिथून मला रायपूरच्या वाटेवरच्या दरेकश्याला आणलं आणि बोगद्याच्या तोंडाशी बसवलं. ती जागा मला पहिल्या दिवसापासून आवडली नाही. भर उन्हाळ्यात बोगद्यातून गार वारा यायचा, जणू डोंगराच्या पोटात कुणी तरी झोपलं आहे आणि श्वास सोडतं आहे. गाडी आत शिरली की आवाज एकदम बंद व्हायचा, आणि ती पलीकडे निघेपर्यंत मी थरथरत राहायचो. एक म्हातारा वाघ माझ्यावर पाठ घासायला यायचा. त्याच्या पिसवा माझ्यावर राहायच्या आणि सकाळच्या गाडीनं फुकटात रायपूरला जायच्या.

एका पावसाळ्यात डोंगराची दरड सुटली. खाली बकाराम नावाचा गँगमन काम करत होता. दगड त्याच्यावर पडला आणि तो माझ्यावर. त्याचं रक्त माझ्यावरून वाहिलं. मीही वाकलो. साहेबांनी मला काढून तोडायला लावलं, आणि माझा हा तुकडा नाल्याकाठी फेकला गेला. दगड पुढच्या पुरात वाहून गेला आणि त्याला सगळे विसरले. मी तिथंच पडून राहिलो, म्हणून नाव माझं झालं. जंगलात मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बाया मला वळसा घालून जाऊ लागल्या. या लोखंडानं माणूस चाखला आहे, म्हणायच्या, आता त्याला पुन्हा भूक लागेल.

मला उचललं ते शालीकरामनं. तो चावीवाला होता. रोज हातोडी घेऊन रुळावरून चालायचं, ढिल्या चाव्या ठोकायच्या आणि रुळावर टोला मारून कान द्यायचा, हे त्याचं काम. भेग पडलेला रूळ बद्द वाजतो. त्यानं मला हातोडी मारली, डोळे मिटून ऐकलं आणि सोबत्यांना सांगितलं, "आवाज निखळ हाये. गुन्हा दगडाचा, बदनामी याची."

शालीकराम ख्रिस्ती होता. तो आणि त्याची बायको रुख्मा, दोघंही मोठ्या दुष्काळात पोरकी झालेली. मिशनच्या आवारात एका रांगेत बसून त्यांनी पेज खाल्ली होती आणि तिथंच ती वाढली. पुढे त्याला रेल्वेत काम मिळालं. दर रविवारी तो गवताच्या छपराखाली चार घरांना गोळा करून प्रार्थना घ्यायचा. छपरासमोरच्या कुसुमाच्या झाडाला त्यानं मला साखळीनं टांगलं. मी घंटा झालो. माझा आवाज ऐकून एकदा पळणारी गाडी थांबली होती, पण ती गोष्ट राहू द्या.

माझे टोले दोन तऱ्हेचे. रविवारी भराभर, म्हणजे या. आणि कुणी वारलं की एक टोला, मग मोठा श्वास घेऊन सोडण्याइतकी शांतता, मग दुसरा. हा नेम मिशनच्या पाद्रीसाहेबांनी घालून दिला होता. टोला ऐकून ज्यानं त्यानं हातातलं काम थांबवावं आणि त्या घरासाठी प्रार्थना करावी. शालीकरामनं त्यात आपली भर घातली. गेलेला ख्रिस्ती असो की नसो, टोला सगळ्यांना सारखा. मेलेल्या माणसाचा तेवढा मान, तो म्हणायचा. गावाला ते बरं वाटलं होतं. तोवर माणसं क्वचित मरायची.

मग मानमोडीची साथ आली.

त्या वर्षी पावसानं आधीच दगा दिला होता. बांधीतला भात फुलायच्या आत करपला. ताप गाडीतून उतरला, असं म्हणतात. सकाळी डोकं दुखायचं, संध्याकाळी मान टाकायची. आमच्या जवळच्या गोरेगावचा बाजार ओस पडला. आमच्या ठेसनावर गाडी नीट थांबेनाशी झाली. उतरायला कुणी नसे आणि चढायला कुणाच्या अंगात बळ नसे. कुत्री भुंकायची बंद झाली. गिधाडं बोगद्याच्या माथ्यावर ओळीनं बसू लागली आणि उडण्याची घाई त्यांना नव्हती.

अशात मी वाजत होतो. रोज. हळू, लांब लांब.

शालीकराम अंथरुणाला खिळला तेव्हा त्यानं हातोडी रुख्माच्या हाती दिली आणि कुणाचाही टोला चुकवू नको म्हणून बजावलं. ती चुकवत नव्हती. पहाटे ती पेजेची हंडी चढवायची, दिवसभर घराघरातून वाटीवाटी पोहोचवायची, आणि मधेच कुणाचा निरोप आला की येऊन मला मारायची. पण वाट्या भरलेल्या परत येऊ लागल्या. माणसं तोंड फिरवायची. शालीकरामनंही भिंतीकडे तोंड केलं होतं. पेज त्याच्या ओठांवरून गळ्यात ओघळायची.

दर टोल्यानंतर ती माझ्यावर कपाळ टेकायची. तापाच्या घरातून आलेलं कपाळ गरम लागायचं. मागणं एकच. देवा, मला रस्ता दाखव, हा माणूस नेऊ नको. मी लोखंड. मला पुढचं काय ठाऊक? वारा बोगद्यातून यायचा आणि तिची प्रार्थना आत घेऊन जायचा.

शेजारी देवकाबाई राहायची. धानाच्या बांध्या असलेली म्हातारी, तोंडानं तिखट. रुख्माच्या देवाशी तिचं कधी पटलं नाही, कारण तो चढवलेलं कोंबडं खात नाही. ताप आला तसं लेक-सून तिला तिथंच टाकून दुसऱ्या गावी गेले. रुख्मा वाटी घेऊन तिच्याकडे गेली, तर म्हातारीनं वाटी हातानं दूर सारली. त्यांच्या दोन्ही दारांमध्ये हे झाडच काय ते, म्हणून मी सगळं ऐकलं.

"नोको. कायले वाया घालवतं? सकाळी तुहा रूळ वाजला. आता नंबर माहाच हाये."

रुख्मानं समजावलं, की तो मेलेल्यांचा मान आहे, कुणाला बोलावणं नाही.

"मान?" म्हातारी कण्हत उठून बसली. "तुहा देव रोज मेल्यायलेच बलावून रायला. आमी जित्ते आहो इथं. आमाले कोन बलावन?"

रुख्मा वाटी घेऊन परत निघाली आणि माझ्यापाशी थबकली. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. वाटी खाली ठेवून हळू म्हणाली, "मी रोज रस्ता मांगतो. आज एका बुढीनं शिव्या देल्ल्या. हाच का रस्ता?"

मित्रांनो, मी तेव्हा काही चमत्कार केला असं सांगायला मला फार आवडलं असतं. मी नुसता टांगून होतो.

त्याच दुपारी यादोराव पाटील दोर घेऊन आला, मागं दोन माणसं. पाटील वाईट नव्हता. दोन लेक गेले होते त्याचे. दोघांसाठी मी वाजलो होतो. तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, की हे लोखंड गावाला खात आहे. बोगद्यापलीकडच्या डोहात टाकल्याशिवाय मरी थांबायची नाही. रुख्मा माझ्या आणि त्याच्या मधे उभी राहिली. मी काही फार मोठा नव्हतो आणि तीही नव्हती.

"पाटील, मेल्याचा टोला आता वाजनार नाही," ती म्हणाली. "एक दिवस द्या."

"एका दिवसात काय होते?"

"पेज होते."

पाटलानं दोर माझ्यावरच्या फांदीवर टाकला आणि तिथंच ठेवला. उद्या पुन्हा येतो, एवढंच म्हणाला. दोर माझ्या डोळ्यांसमोर लोंबत राहिला. वारा सुटला की तो मला लागायचा.

आत जाऊन तिनं नवऱ्याला विचारलं, नेम मोडू का म्हणून. तो भिंतीकडेच तोंड करून राहिला. पाद्रीसाहेब दूर होते; त्यांनाही ताप होता, असं कळलं होतं. विचारायला दुसरं कुणी उरलं नाही. म्हातारीचे शब्द तेवढे होते.

दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तशी ती हंडी घेऊन झाडाखाली आली. हातोडी उचलली आणि मला मारलं ते रविवारसारखं. भराभर. वार मात्र रविवार नव्हता. उघडी दारं पटापट लागली. गावाला वाटलं, आता एकदम पुष्कळ मेले. फांदीवरचा दोर हलत होता. कुणी येईना. ती थांबली, पुन्हा मारू लागली. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

मग देवकाबाईचं दार करकरलं. म्हातारी भिंतीला धरून बाहेर आली. हातात वाटी, तोंडात शिव्या. माणसाला सुखानं मरूही देत नाही ही बाई, अशा अर्थाचं बरंच काही. झाडाखाली येऊन ती मटकन बसली आणि वाटी पुढे केली. तिच्या मागून एक आला, मग दोघं आली. ज्यांना चालता येईना त्यांच्या वाट्या दुसऱ्यांनी आणल्या.

शेवटची वाटी घेऊन रुख्मा आत गेली. शालीकरामनं भिंतीकडून तोंड वळवलं होतं.

"आज रविवार हाये का वं?"

"नाही."

"मंग?"

"जेवाची वेळ हाये."

त्यानं दोन घोट घेतले.

त्या दिवसापासून मी रोज दुपारी भराभर वाजलो. माणसं मरत होतीच. खोटं कशाला सांगू? पण टोला आता त्यांच्या मागं नव्हता, उरलेल्यांच्या पुढं होता. एका सकाळी झाडाच्या बुंध्याशी तांदळाचं पोतं दिसलं. पाटलाच्या कोठारात तसली पोती होती. दोर मात्र पाटलानं काढला नाही.

शालीकराम मात्र उठला नाही. घोट कमी होत गेले. एका सकाळी तो गेला.

अशी बातमी भिंतीतून पाझरते. सूर्य वर यायच्या आत सगळ्या गावाला कळलं. दुपारी लोक न बोलावता येऊन लांब उभे राहिले. पाटीलही होता, दोराच्या जवळ. आता ही बाई आपल्या माणसासाठी तो जुना टोला मारील, असं सगळ्यांना वाटलं. कुणाचाही टोला चुकवू नको, हे तिच्या नवऱ्याचंच सांगणं होतं. मारला असता तर कुणी दोष दिला नसता. आणि खरं सांगू? मलाही तेच हवं होतं. त्यानं मला निखळ म्हटलं होतं. त्याच्यासाठी मला हळू वाजायचं होतं.

रुख्मा हातोडी घेऊन आली. एक टोला मारला.

मग हात थांबला. श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ गेला. त्याहून थोडा जास्त गेला. बोगद्यातला गार वारा आला आणि माणसांनी नजरा खाली घातल्या.

दुसरा टोला पडला, त्याच्यामागं लगेच तिसरा, चौथा. भराभर. जेवणाचा.

तिनं सगळ्यांना वाढलं. हंडीच्या तळाशी एक वाटी उरली. देवकाबाईनं विचारलं, ही कोणाची. "त्यायची," रुख्मा म्हणाली. "आज तुमी घ्या." म्हातारीनं वाटी घेतली, खाली ठेवली आणि तिला जवळ ओढलं. तेव्हा कुठे रुख्मा रडली आणि तिच्यासोबत सगळ्या बाया रडल्या.

पाटलानं फांदीवरचा दोर काढला. मी म्हटलं, भरली माझी वेळ. पण त्यानं दोर खांद्यावर टाकला आणि शालीकरामच्या दाराकडे गेला. संध्याकाळी छपरामागच्या खड्ड्यात शालीकरामला उतरवलं ते त्या दोरानं. एक टोक पाटलाच्या हातात होतं.

साथ सरली. रुख्मानं मला पुष्कळ वर्षं वाजवलं. ती थकली, मग तीही गेली. मिशनकडून पितळेची घंटा आली, ती दुसरीकडे लागली. छप्पर बसलं. इंग्रज गेले, झेंडा लागला, आणि मी कुसुमाच्या झाडाला तसाच लोंबतो आहे. साखळी झाडाच्या सालीत रुतली आहे. पोरं येता-जाता मला दगड मारतात आणि पळतात, कारण अजूनही कुणी तरी त्यांना सांगतं की यानं माणूस खाल्ला होता.

माशाची गोष्ट, मित्रांनो, हवी तर सोडून द्या. वाघाच्या पिसवाही सोडा. ही सोडू नका. जुन्या वस्तूला अपशकुनी म्हणून फेकण्याआधी तिचा आवाज एकदा ऐकून बघा. आणि इकडे आलात, तर दगड मारायला माझी हरकत नाही. फक्त हळूहळू मारू नका. भराभर मारा, आणि येताना वाढायला काही तरी घेऊन या.