तीनचा बिल्ला

शाळकरी पोरं दुकानात शिरली की त्यांच्यापासून दोन हातांवर उभं राहून कपड्यांच्या घड्या घालायच्या. घड्या आधीच घातलेल्या असल्या तरी.

टाचांच्या भेगांना मेण लावावं, असं बुटांच्या विभागातली मावशी सांगते. दिवसभर उभं राहून तिच्याच टाचा फुटल्यात.

तिसऱ्या ट्रायल रूमचा पडदा पुरता लागत नाही.

चाळिशीच्या बाईला मॅडम. पंधराच्या पोरीला ए.

दोनचे बिल्ले संपले होते.

आता नीट सांगायचं, तर ट्रायल रूमच्या दाराशी बसणाऱ्या ताईचं काम साधं. कोण किती कपडे आत नेतंय ते मोजायचं, तेवढ्या आकड्याचा प्लास्टिकचा बिल्ला हातात द्यायचा, आणि माणूस बाहेर आलं की दोन्ही ताडून बघायचं. त्या दुपारी मरणाची गर्दी. पाठीवर दप्तर घेतलेली एक मुलगी दोन काळ्या पँटी घेऊन आली. ताईनं तिला तीनचा बिल्ला दिला. बिल्ले संपले की सगळ्याच जणी असं करायच्या; लक्षात ठेवलं की झालं. मग ताई घोटभर पाणी प्यायला गेली. परत येते तो तिच्या खुर्चीत सुपरवायझर. दुकानातल्या पोरी त्याला मागून दुर्बीण म्हणत. समोर ती मुलगी, हातात दोन पँटी. टेबलावर तीनचा बिल्ला.

तिसरी कुठाय, असं दुर्बीण अगदी थंडपणे विचारत होता. दोनच नेल्या होत्या, मुलगी सांगत होती. उद्या शाळेत गाण्याचा कार्यक्रम आहे, काळी पँट लागते, एक सैल होतेय, ही दुसरी बसली. वा, गातेस पण, तो म्हणाला, मग घसा मोकळा कर की. रांगेतल्या दोन बायका हसल्या. एकीनं आपली पर्स पोटाशी ओढली.

ताईला बघून मुलीचा जीव भांड्यात पडला.

"ताई, तुम्हीच मोजल्या ना? दोनच होत्या ना?"

या महिन्यात दोन चुका ताईच्या नावावर होत्या. तिसरीला दुर्बीण सरळ घरी बसवायचा, आणि घरी नवरा सहा महिने बसूनच होता.

"मी तीन मोजल्या," ती म्हणाली.

इतकं सहज बोलून गेली, की तिचं तिलाच नवल वाटलं.

मुलींची झडती बाईनंच घ्यायची, असा दुकानाचा नियम. म्हणजे ताईनंच. रिकामी होती ती तिसरीच खोली. तिनं दप्तर उपडं केलं. वह्या, डबा, कंपासपेटी, कागदात गुंडाळलेलं एक पॅड. स्वेटर काढायला लावला. मग बूट. फटीतून रांगेतल्या बायकांचे डोळे आत येत होते. मुलगी रडली नाही, नुसती ताईकडे बघत राहिली.

"तुम्हाला माहितेय," ती हळूच म्हणाली.

ताईनं तिला मोजेही काढायला सांगितले.

काहीच निघालं नाही. पोचलेली दिसते, बाहेर कुणाच्या तरी हातात दिली असेल, असं दुर्बीण म्हणाला. तिचा फोटो काढला. मागच्या खोलीत, जिथे सगळे डबे खातात, तिथल्या भिंतीवर चोर म्हणून लावलेल्या फोटोंत तो आठवा लागला. परत या दारात दिसायचं नाही, अशी तंबी मिळाली. मुलीनं बूट घालता घालता एकदा विचारून पाहिलं, बसलेली पँट तरी घेऊ का, पैसे आणलेत. दुर्बिणीनं पँट तिच्या हातातून काढून ताईकडे फेकली. ताईनं घडी घातली.

"तुझं लक्ष असतं हां," तो ताईला म्हणाला. "असंच ठेव."

महिनाअखेरपर्यंत तिची तिसरी चूक झाली नाही.

त्या दुपारी दुकानात आल्या आल्या, कपड्यांना हात लावण्याआधी, ती मुलगी ताईपाशी येऊन दप्तर इथे ठेवू का, असं विचारून गेली होती, आणि ताई म्हणाली होती, राहू दे पाठीवरच.