अनुमोदक

“अनुमोदक, सोमाजीअण्णा,” ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले आणि वर न बघताच लिहून मोकळेही झाले.

सोमाजीने सवयीने मान हलवली. ठराव गटारीचा होता की अंगणवाडीच्या पत्र्यांचा, हे त्याच्या कानात शिरलंच नव्हतं. त्याचं सगळं लक्ष खिडकीबाहेर होतं. ग्रामपंचायतीच्या मागच्या उसावरचं ऊन पिवळं पडत चाललं होतं. पौषातला दिवस, कलला की बघता बघता बुडतो.

पंचायतीचा सदस्य म्हणून ही त्याची तिसरी खेप. ठराव मांडायला एक सूचक लागतो आणि त्याला दुजोरा द्यायला एक अनुमोदक. सूचक बदलत, अनुमोदक ठरलेला. सोमाजी कधी नाही म्हणत नाही, हे पाणी सोडणाऱ्या माणसालासुद्धा ठाऊक होतं. एकदा तो मंचरला दवाखान्यात सलाईन लावून पडला होता, तरी त्या दिवशीच्या ठरावांना त्याचं अनुमोदन होतंच! गावात त्याचं नावच तसं पडलं होतं. सुपारी फोडायची वेळ आली की लोक विचारायचे, “अनुमोदक आले का?” तोही हसायचा. माणूस गरीब गाय, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्याची बायको ठकूबाई मात्र हसत नसे. “अवो, नंदीबैल परवडला,” ती म्हणायची, “त्याला निदान झूल तरी घालत्यात.”

पण आज गोष्ट वेगळी होती. गेल्या महिन्यात त्याच्या वस्तीवरच्या गोरखच्या गोठ्यातून बिबट्याने कालवड ओढून नेली. वस्ती सडकेपासून आत, आणि मधली सगळी वाट दोन्ही अंगांनी उसाची. कळंबच्या शाळेची व्हॅन सोमाजीच्या नातीला, समृद्धीला, सडकेवर सोडायची. तिथून तिला घरी न्यायला सोमाजी रोज बॅटरी घेऊन जायचा. बॅटरीच्या उजेडात ऊस हलला की त्याचा हात नातीच्या मनगटावर असा आवळायचा, की पोरगी ओरडायची.

आणि मग पंचायतीला सौर दिव्यांचे खांब आले.

दिवाबत्तीच्या समितीत सोमाजी होता. तिथे जन्मात पहिल्यांदा त्याने तोंड उघडलं. “दिवं आमच्या वाटंला लावा,” तो म्हणाला. बचत गटाच्या मंगलने लगेच अनुमोदन दिलं, पंचायतीतल्याच बाळासाहेबाने मान डोलावली, आणि सोमाजी चक्क सूचक झाला. त्याला आभाळ ठेंगणं झालं. वस्तीवर येऊन त्याने घरोघर सांगून टाकलं, “दिवं पास झालं!” गोरखच्या बायकोने त्याला दुधाचा चहा पाजला.

समिती नुसती शिफारस करते आणि ठरवते ती पंचायत, हे त्याला आज दुपारी भाऊसाहेबांनी सांगितलं. इतकी वर्षं पंचायतीत काढलेल्या माणसाला हे कळू नये? पण त्याला गरजच कधी पडली नव्हती. समिती काय न्‌ सभा काय, दोन्हीकडे त्याची मान सारखीच हलायची.

दिव्यांचा विषय शेवटी ठेवला होता. सोमाजीने तंबाखू मळली आणि खायची विसरून तशीच डबीत टाकली. बाहेर जाऊन त्याने ठकूबाईला फोन लावला.

“अगं, सभा लांबलीया. पोरीची गाडी यायची येळ झाली. मी निघतोच.”

“निघू नगा,” ठकूबाई म्हणाली. “मी जाते सडकंला.”

“तुजं गुडघं...”

“गुडघ्याचं मी बघते. तुमी उटलात तरी नाव तुमचंच लिवत्यात न्हवं? मंग बसा तितं. आन्‌ आज तरी तोंड उगडा.”

तो आत येऊन बसला, पण पाठ खुर्चीला टेकली नाही. बायको आणि नात, दोघी त्या वाटेवर आणि आपण इथे दिव्याखाली. त्याला स्वतःचीच चीड आली.

“आता दिव्यांचे खांब,” सरपंच दादाभाऊ म्हणाले. “यात्रा तोंडावर आली. पावणं येनार. वेशीपासून देवळापर्यंत लावून टाकू, कसं?”

“समितीनं आमची वाट सांगितली व्हती,” सोमाजी म्हणाला.

दादाभाऊ मोकळं हसले. माणूस वाईट नव्हता. “सांगितली ना, अण्णा. सल्ला डोक्यावर. पन सल्ला तो सल्लाच. ऐकावे जनाचे, करावे मनाचे! फुडच्या खेपंला बगू तुमची वाट.”

सगळे हसले. मंगल असती तर बोलली असती. पण ती समितीपुरती, सभेत तिला खुर्ची नव्हती. बाळासाहेब होता. तो आपली नखं बघत होता.

“सूचक, बाळासाहेब,” भाऊसाहेबांचं पेन धावू लागलं. “अनुमोदक, सोमाजीअण्णा.”

“न्हाई.”

पेन थांबलं. “काय न्हाई?”

“माझं नाव काडा.”

“अण्णा, लिवून झालं, राव.”

“मंग खोडा.”

सोमाजी उठून टेबलापाशी गेला. भाऊसाहेबांनी सरपंचांकडे पाहिलं, सरपंचांनी खांदे उडवले. नावावर रेघ ओढली गेली, तेव्हाच तो बाजूला झाला. दुसऱ्या कुणीतरी अनुमोदन दिलं. विरोध कुणाचा, असं विचारल्यावर एकच हात वर झाला. ठराव मंजूर झाला, आणि चहा यायच्या आत सोमाजी बाहेर पडला होता.

सडकेवर व्हॅन नव्हती. उसाच्या वाटेला लागला तेव्हा काळोख पडला होता. तो धावत होता, अडखळत होता. एवढ्यात पुढून थाळी वाजल्याचा आवाज आला. ठण्‌ ठण्‌. बिबट्या बुजावा म्हणून वस्तीवरच्या बाया अशीच थाळी वाजवत जात.

“कोन हाय?” ठकूबाईचा आवाज आला.

“मी हाय, मी.”

ती थांबली. एका हातात थाळी, दुसऱ्यात पळी, आणि समृद्धीने तिचा पदर घट्ट धरलेला. सोमाजीने नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

“दिवं?” ठकूबाईने विचारलं.

“वेशीला गेलं. वस्तीला आता काय तोंड दावू?”

“आन्‌ तुमचं अनुमोदन?”

“खोडाया लावलं.”

ठकूबाईने अंधारात त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग थाळी आणि पळी त्याच्या हातात दिली. “व्हा फुडं,” ती म्हणाली.

सोमाजी पुढे झाला. मागून समृद्धीने विचारलं, “आज्जी, आपण मागं का?”

“आज आपन अनुमोदक,” ठकूबाई म्हणाली.

सोमाजीला वळून बघावंसं वाटलं. पण वाट उसाची होती. त्याने थाळी वाजवली आणि चालू लागला.