दोन्ही अंगांनी कोरलेला ठसा

मित्रांनो, मी पेरूच्या लाकडाचा एक जुना ठसा आहे. माझे झाड गडमुडशिंगी गावच्या एका बांधावर होते. गुंडू सुताराने ते कापले, तुकडे दोन वर्षे सावलीत वाळवले आणि चिकटवून पाटीएवढी फळी केली. मग मी कोल्हापुरात क्रांतीताईंच्या हाती आलो. त्या लाकडावर चित्रे कोरून छापतात.

शहरात नवे बसस्थानक उभे राहिले होते, सगळे काच आणि सिमेंट. त्याचे रंगीत चित्र प्रत्येक बसमध्ये लागणार होते. काळ्या रेषा माझ्यावर, निळा आणि पिवळा रंग माझ्या दोन धाकट्या भावांवर, असे ठरले. आधी माझी पाळी होती. महिनाभर ताई एकेक खिडकी, दोन्ही गेटे आणि आत शिरणारी बस कोरत होत्या. एवढी मोठी इमारत माझ्या अंगावर, मी तर फुगूनच गेलो होतो.

मला शाई लावून पहिला छापलेला कागद उचलला तेव्हा बसचालक आकाराम तिथेच उभा होता. त्याने मान वाकडी करून पाहिले.

"ताई, तुमची गाडी बाहेर यायच्या गेटातनं आत निघालीया. समोरच्या गाडीवर जाईल की."

ठशावर सगळे उलटे कोरावे, तेव्हा कागदावर सुलटे उमटते. ताईंनी अक्षरे सवयीने उलटी कोरली, इमारत मात्र फोटोत होती तशीच कोरून बसल्या. उद्घाटनाला अठरा दिवस उरले होते. गुंडू म्हणाला, दुसरे वाळलेले लाकूड नाही, संगणकावर छापा आणि मोकळ्या व्हा. महिन्याची मेहनत पाण्यात गेली म्हणून मला फार वाईट वाटले.

ताईंनी मला पालथे केले आणि पाठीवरून हात फिरवला.

"ही बाजू मोकळी हाय न्हवं? गुंडूमामा, मारा रंधा."

बोटाला चिंधी बांधून त्या आधी मला, मग माझ्या भावांना कोरत राहिल्या. सतराव्या दिवशी आकारामने नवा कागद पाहिला आणि म्हणाला, "आता जाईल गाडी."

बसमधल्या चित्रांचे खूप कौतुक झाले. पुढे ती उन्हाने विटली, आणि मी डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली गेलो. तीन वर्षे मला कोणी विचारले नाही.

परवा ताईंकडे शिकायला आलेल्या रक्षिताने मला बाहेर काढले. चुकलेली बाजू तासून घेते म्हणाली. ताईंनी तिच्या हातातला रंधा काढून घेतला, त्याच बाजूला शाई लावली, आणि ते चुकलेले चित्र चांगल्या चित्राशेजारी भिंतीवर लावले.

मित्रांनो, जुने ठसे जळणात टाकू नका, आणि त्यांची चुकलेली बाजू तर मुळीच तासू नका. काल रक्षिता पहिल्यांदा कोरायला बसली. हत्यार उचलण्याआधी तिने फोटो आरशासमोर धरला.