आत्याची चाल

मिरकरवाड्यातल्या घरात ईशा चालायला लागली तेव्हा सगळ्यांना तिच्या डुलण्याचं कौतुक वाटलं. पोर बदकासारखी चालते, असं तिचा बाप महिपत बोटीवरच्या खलाशांनाही सांगायचा. आत्या मालन मात्र पहिल्याच दिवशी ओळखून चुकली. हीच चाल तिने चाळीस वर्षं ओढली होती. या चालीपायी तीन स्थळं दारातून परत गेली होती.

तरी ती पंधरा दिवस गप्प राहिली. असू दे घरात आणखी एक आपल्यासारखी, असं तिच्या मनात आलं. मग त्या विचाराचीच तिला भीती वाटली आणि तिने भावजयीला, दर्शनाला, सांगितलं की पोरीला हाडांच्या डॉक्टरकडे ने.

एक्स-रेत दिसलं, मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नव्हताच. ऑपरेशन करून तो बसवायचा, मग छातीपासून पायापर्यंत प्लास्टर, तीन महिने. महिपतने मासेमारीच्या ऐन हंगामात बोटीवर जाणं सोडलं. महिपत-मालनची आई कमळाबाई गणपतीला नवस बोलली. ऑपरेशन चालू असताना ती बाकावर डोळे पुसत बसली होती. ते पाहून मालन जळली. दीड वर्षाच्या पोरीचा आपण हेवा करतोय याची लाजही वाटली, पण हेवा काही हटेना.

"माझ्यासाठी बोलली होतीस कधी नवस?" तिने विचारलं.

कमळाबाई पदराशी चाळा करत म्हणाली, "तू तीन वर्षांची होतीस. डॉक्टर बोलले होते, मुंबईला न्या म्हणून. तुझा बाप म्हणाला, हंगाम संपू दे. मग राहूनच गेलं."

इतकी वर्षं मालनला ही देवाची करणी म्हणून सांगितलं गेलं होतं. ती उठली आणि एकटीच चालत घरी आली. पुढे तीन महिने ती आईशी कामापुरतंच बोलली. प्लास्टरमधल्या ईशाला कुशीवर वळवायचं काम मात्र तिने कुणाला करू दिलं नाही.

प्लास्टर निघालं, कित्येक आठवडे व्यायाम झाले आणि एका सकाळी ईशा पडवीत सरळ चालली. दर्शना मालनच्या पाया पडायला वाकली. "ताई, तुमच्यामुळे वेळेत कळलं."

"पंधरा दिवस उशिरा सांगितलं मी," मालन म्हणाली. "जाणूनबुजून."

दर्शनाने पोरीला उचललं आणि ती आत गेली. दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तेलाची वाटी मालनपुढे ठेवून म्हणाली, "तुम्हीच लावा. माझ्या हाताने रडते."

मालनने पोरीला पायांवर घेतलं. इवलासा खुबा तिच्या तळव्याखाली नीट फिरत होता. हेवा गेला नव्हता. हात मात्र तिने हलका ठेवला.