हाकेला कोण आलं
जोमेलला गावची बोली येत नव्हती, ही त्याच्या आईची, लोर्नाचीच करणी. मनिलात वाढणाऱ्या पोराला तागालोग यावं, इंग्रजी यावं. गावची इलोकानो शिकून काय दिवे लावणार? सासूने फोनवर दोन शब्द शिकवले तरी हिच्या कपाळाला आठ्या. स्वतःला मात्र नवऱ्याच्या संगतीने सगळं कळायचं.

सुट्टीत मायलेक सासरच्या गावी आले आणि पोरगं नदीत घसरलं. लगेच ओढून काढलं, पण तेव्हापासून डोळे छताला, अंगात ताप, तोंडातून शब्द नाही. डॉक्टरने गोळ्या दिल्या नि हात झटकले. सासू सातुर्निना म्हणाली, भीतीने जीव नदीवरच राहिलाय, हाक मारून आणायला हवा. इथे सगळेच आणतात. लोर्नाचा कसला विश्वास, पण पोटचा गोळा असा पडलेला बघून माणूस वाट्टेल ते करतं.

संध्याकाळी म्हातारीने जोमेलचा सदरा नदीच्या पाण्यावर फिरवला. "चल रे बाळा, घरी चल, इथे राहू नको," असं इलोकानोत आळवत राहिली. जोमेलचं नाव घ्यायला विसरली की मुद्दाम घेतलं नाही, देव जाणे. लोर्नाच्या मनात आलं, यातलं एक अक्षर तरी माझ्या पोराला कळेल का?

घरी येऊन सदरा अंगावर टाकला आणि ताप उतरला. पोर उठून बसलं. लोर्नाला रडूच फुटलं. तिने जवळ घेतलं तर त्याने अंग चोरलं, आणि म्हातारीकडे वळून घडाघडा इलोकानोत भात नि सुकी मासळी मागितली. एरवी तिला आजी म्हणणारा आता आई म्हणत होता.

दारातल्या शेजारणीने छातीवर क्रूस काढला. "हा तर उर्बानोचा आवाज," ती पुटपुटली.

उर्बानो म्हणजे म्हातारीचा थोरला. लहानपणीच याच नदीत बुडून गेलेला. ज्याला हाक कळली, तो आला होता.

लोर्ना पुढे झाली. तिने सदरा ओढून घेतला. "आई, माझा जोमेल अजून तिथेच आहे. मी त्याला तागालोगात बोलावते."

म्हातारीने शेजारणीला वाटेला लावलं, दाराला कडी घातली आणि पोराच्या ताटात भात वाढला.

"एका अंगात दोघे कसे राहतील गं?" ती म्हणाली. "बस. तूही जेव."